येताना बसूनच

“त्या बॅगेला धा येळा इचारत्यात, अजून काय पायजे, अजून काय पायजे. मला एकदा तरी कुणी इचारलं का?”

अत्ती हे समोरच्या भिंतीला सांगत होत्या. मी पाठीमागं बसून त्यांची वेणी घालत होते, म्हणून मला ऐकू आलं. वेणी म्हणायचं आपलं. औषधांनी केस इतके विरळ झालेत की तीन पेड करायला घेतले तर एक पेड लाजून परत जातो.

“काय विचारायचं राहिलं, अत्ती?”

“काय न्हाय. तू तेल लाव.”

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, गौरम्मा. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात वाढलेलं असतं. सासूला अत्ती, आईला अव्वा, आणि भांडण मात्र शुद्ध मराठीत. शुक्रवार पेठेतल्या या घरात सध्या एकच विषय शिजत होता: अव्वाला उपचाराला जर्मनीला न्यायचं.

अत्तींच्या पोटात गाठ आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “ऑपरेशनचा त्रास देऊ नका त्यांना. गोळ्या लिहून देतो. आता आनंदात ठेवा.” डॉक्टर माणूस ‘आनंदात ठेवा’ कधी म्हणतो, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगेल. माझे यजमान गुरुशांत मात्र डॉक्टरांवर चिडले. चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा पाइपचा कारखाना आहे. तिथं मशीन अडलं की पार्ट जर्मनीहून मागवतात. मुंबईहून परत येताना टेंभुर्णीला चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं, “इथं होत नाही ना? मग तिकडं नेऊ.” मशीनचा आणि आईचा कारागीर एकच असतो, अशी त्यांची समजूत असावी.

जगातले लोक विमानं करून उपचाराला आपल्या देशात येतात, असं मी पेपरात वाचते. आमचे उलट निघाले. पण यजमानांच्या क्लबातल्या कुणाचा तरी गुडघा सिंगापूरला झाला होता, आणि तेव्हापासून सोलापुरात झालेल्या दुखण्याला काही किंमतच राहिली नव्हती.

तिकडच्या दवाखान्यात काहीतरी नवीन उपचार निघालाय. त्यानं गुण येतो का, हे तेही अजून बघतायत. सगळं जमवून देणारी कंपनी दिल्लीची, आणि तिच्यातली पायल नावाची एक मुलगी आमच्या वाट्याला आलेली. दर दोन-चार दिवसांनी ती लॅपटॉपवर यायची. गोड मुलगी. इतकी गोड की तिच्याशी बोलल्यावर चहात साखर घालावीशी वाटायची नाही.

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, परदेशात उपचाराला जायचं तर आधी इमर्जन्सीची तयारी. रिपोर्ट इंग्रजीत करून घ्या. गोळ्या सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. कशाची अॅलर्जी आहे ते गळ्यातल्या कार्डावर लिहा. पेशंटला बोलता आलं नाही तर निर्णय कोण घेणार, ते इथूनच ठरवून जा. आणि तिकडचा मदतीचा नंबर पाठ करा, एकशे बारा.

“हितला बी त्योच हाय की,” अत्ती म्हणाल्या. “रिक्षावर लिवलेला असतोय. मग हितंच करा की फोन.”

कुणी हसलं नाही. आमच्याकडं आजारी माणसाच्या विनोदाला हसत नाहीत. खाट डॉक्टरांनी सांगितली तशी वर-खाली करतात, पण माणूस काही बोललं की सगळे उशीच सारखी करायला धावतात.

आता त्यांचं खरं दुखणं सांगते. ते रिपोर्टात आलेलं नाही.

आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. अंग गरम आहे तोवर मांडी घालून भिंतीला टेकवून बसवतात. कपाळाला विभूती लावतात, डाव्या तळहातावर त्याचं जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवतात. आणि तसंच बसलेलं, बसलेलंच, मातीत उतरवतात. जाळत नाहीत. माझे सासरे, अप्पा, असेच वैराग रस्त्याच्या आमच्या रानात बसलेत. त्यांच्या शेजारची जागा अत्तींनी स्वतः राखून ठेवली आहे. तिथं कांदा लावू द्यायच्या नाहीत, तूर लावू द्यायच्या नाहीत. “माझी सीट हाय ती,” म्हणायच्या. एसटीत रुमाल टाकावा तसं.

जर्मनीचं नाव निघालं त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. तिकडं काही झालं तर आपल्याला कसं आणतील? आणतील का? का तिकडंच जाळून राख डब्यात घालून देतील? आणि हे त्या कुणाला विचारणार? पोटच्या पोराला? जो खोलीत शिरताना आधी दाराबाहेर उभा राहून चेहरा हसरा करून घेतो आणि मगच आत येतो, त्याला?

आमची भाषाही मोठी शहाणी. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणायचं. कुंकू पुसलं तर ‘वाढलं’. दुकान बंद करायचं तर ‘वाढवायचं’. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. ज्या भाषेत फुटलेलं सगळं वाढत असतं, तिच्यात माणसाला परदेशी न्यायची तयारी करायची कशी? तरी एक शब्द आहे आमच्याकडं. सगळ्या घरानं मिळून त्या एका शब्दावर भार टाकला होता: ‘कमीजास्त’. काही कमीजास्त झालं तर. त्याच्या पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, म्हणून कुणी ते म्हणत नाही.

आणि हा शब्दच दिल्लीला गेला आणि घोटाळा करून आला.

झालं असं की वैरागहून माझी नणंद शिवबाई आली होती. आईवर तिचा जीव मोठा आणि आवाज त्याहून मोठा. लॅपटॉपवर पायल होती. शिवबाईनं मला कोपरानं ढोसलं, “इचार की गं वहिनी, ते इचार.” मी यजमानांकडं बघितलं. यजमानांनी छताकडं बघितलं. मग शिवबाईनंच पदर खोचला आणि सोलापुरी हिंदीत तोफ डागली, “मॅडम, उधर जाके अव्वाका कुछ कमीजास्ती हुआ तो क्या करनेका?”

पायलनं अगदी आपुलकीनं मान डोलावली. “जी, बहुत अच्छा सवाल है. कम हुआ तो तुरंत कुछ मीठा दे दीजिए. ज़्यादा हुआ तो हमें कॉल कीजिए. मशीन साथ में रखिए और सुबह-शाम चेक करते रहिए.”

तिला वाटलं, साखर.

अत्तींना साखर नाही. कधी नव्हती. पण तुम्हाला खोटं वाटेल, त्या खोलीत कुणीही तिला सुधारलं नाही. उलट एकेकाचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. विचारायचं ते विचारलं की नाही? विचारलं. उत्तर आलं की नाही? आलं. आणि किती सोपं उत्तर! कमी झालं तर गोड द्या.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी साखर मोजायचं मशीन आणलं. मग त्याच्या पट्ट्यांचे डबे आणले. एक कमी पडायला नको म्हणून अजून आणले. शिवबाईनं शेंगदाण्याची चिक्की केली, राजगिऱ्याचे लाडू केले, ग्लुकोजचे पुडे आणले. ज्या बाईला साखरेचा आजार नाही, तिच्या साखरेसाठी एक अख्खी बॅग भरली. मशीन नीट चालतं का बघायला सगळ्यांची बोटं टोचून झाली. अत्तींची साखर उत्तम निघाली. शिवबाईची अशी निघाली की यजमानांनी मशीन झटकून परत लावलं.

“मशीन खराब हाय,” शिवबाई लाडू चघळत म्हणाली.

“जर्मन आहे,” यजमान म्हणाले.

अत्ती खाटेवरून हे सगळं बघत होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, “विजे, माझी लेक मला साखरंनं वाचिवतीया बघ.” डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं होतं. हसताना पोट दुखतं त्यांना, म्हणून त्या हातानं पोट धरून हसतात.

शेजारच्या हुसेनबी भेटायला आल्या त्याच दुपारी. दोघींची मैत्री जुनी, पेठेत नळावर पाणी भरत होत्या तेव्हापासूनची. बोलताना अर्धं बोलतात, अर्धं खुणावतात. हुसेनबी मागं हजला जाऊन आल्या. अत्तींनी विचारलं, “तू गेलतीस तवा बॅगेत काय काय भरलंतीस गं?”

“मैं?” हुसेनबींनी पानाचा डबा उघडला. “सबसे पैले कफन रखी. उसके बाद साबन.”

शिवबाईच्या हातातला लाडू थांबला. यजमान घसा खाकरून आत गेले.

“मग, भ्या न्हाय वाटलं?” अत्ती पुढं सरकल्या.

“डर काहेका? मर गई तो उधरीच मिट्टी. नसीबवालेकूच मिलती. घरमें सबकू बोलके गई मैं, फोन आया तो रोनेका नै.” हुसेनबींनी पान तोंडात टाकलं. “वापस आई तो मेरी बहू बोली, अम्मी, कफन घडीचा घडी वापस लाए तुमने! जैसे सेलमें की साडी पसंद नै आई.”

त्या दोघी एवढ्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं. हुसेनबी गेल्यावर अत्तींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, “बेस हाय त्यांचं. बोलाय तर येतंय.”

मग त्यांनी स्वतःच एक वाट काढली. मेलं, गेलं, वाढलं, यातलं काहीच न म्हणता विचारायची. संध्याकाळी यजमान तिकिटांचं सांगत बसले होते. मुंबईहून विमान, मध्ये एक बदलायचं, मग तिकडं.

“बसून जायचं न्हवं इमानात?” अत्तींनी विचारलं.

“हो, अव्वा.”

“येताना बी बसूनच की?”

आता बघा, एवढं साधं वाक्य. मी भाकरी थापत होते, माझा हात जागीच थांबला. मला लख्ख कळलं. आणि माझे यजमान, कारखान्याचे मालक, पाइपच्या आवाजावरून आत कुठं चीर आहे ते सांगणारे, काय म्हणाले?

“अगं, बसून कशाला? मी साधं तिकीट नाही काढलेलं. त्यात सीट पूर्ण आडवी होते. जाताना झोपून जायचं, येताना झोपून यायचं! पांघरूणसुद्धा तेच देतात.”

अत्तींचा चेहरा पांढरा पडला. “मला झोपून न्हाय यायचं.”

“पाय सुजतील, अव्वा.”

“सुजू देत. मी बसूनच येणार.”

“बरं, बटण असतं त्याला. दाबलं की सीट उभी होते. बस तेव्हा.”

“बटण दाबल्यावर मी बी हुबी होती का?”

यजमान पांघरूण कुठल्या रंगाचं असतं ते सांगू लागले.

रात्रीची भांडी व्हायच्या आत मी त्यांना ओट्याशी गाठलं. म्हटलं, “अहो, अत्तींना बसून यायचंय म्हणजे काय म्हणायचंय, कळतंय का तुम्हाला?”

“सांगितलं ना, बटण आहे.”

“बटणाचं नाही म्हणत मी—”

“तुला विमानातलं काही माहीत नसतं, उगीच मध्ये बोलू नको.” असं म्हणून तरातरा बाहेर गेले. पायात चपलासुद्धा नव्हत्या. मी मनात म्हटलं, जा. शेणात पाय पडला तरी म्हणाल, मऊ लागतंय.

मीही पुढं काही बोलले नाही. बाकीच्यांना नावं ठेवतेय म्हणून हेही सांगायला हवं. माझ्या तोंडात तो शब्द येऊन बसायचा, आणि मी त्याच्यावर भात ढकलायची.

शेवटचा आधार म्हणून अत्तींनी मठातल्या स्वामींना बोलावून घेतलं. निघायच्या आधी आशीर्वाद हवा, असं निमित्त. स्वामी आले, पाय धुतले, केळी-खारीक झाली. स्वामींनी डोळे मिटून चांगला मोठा आशीर्वाद दिला. त्यात जर्मनीचे डॉक्टर, विमानाचे पायलट, सगळे आले. अत्ती हात जोडून म्हणाल्या, “स्वामी, एक शंका हाय.”

“विचारा की, गौरम्मा.”

“एकांदं माणूस लई दिस आडवं ठिवलं. मग त्येला बसिवलं, तर बसतंय का?”

स्वामींनी डोळे उघडले. खोलीभर बघितलं. यजमान साखरेच्या पट्ट्या मोजत होते. शिवबाई ग्लुकोजच्या पुड्यावरची तारीख वाचत होती. तिला चष्म्याशिवाय तारीख दिसत नाही आणि चष्मा तिच्या डोक्यावर होता. स्वामी म्हणाले, “शुभ बोला माते. जाऊन सुखरूप या. बसून काय, नाचत याल.”

“नाचत कशाला? मी कवा नाचले व्हय?” अत्ती म्हणाल्या. “मला बसायचंय फकस्त.”

स्वामींनी दक्षिणा घेतली, घाईघाईनं खडावा घातल्या, आणि मठात कुणीतरी वाट बघत असल्याचं त्यांना आठवलं. देवाचा माणूस. मरणावर प्रवचन करतो, श्रावणात महिनाभर करतो, माइक लावून करतो. समोर मरणारं माणूस नसलं की फार सुंदर बोलतो.

निघायचा दिवस जवळ आला. बॅगा दारात उभ्या राहिल्या. एकीत कपडे, एकीत रिपोर्ट आणि औषधं, एकीत साखरेचं सगळं. त्यावर शिवबाईनं आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. चटणीवर तिनं चार पिशव्या चढवल्या होत्या, कारण जर्मनीच्या लोकांना वास आला तर ते काय म्हणतील, ही तिला खरी काळजी. भावकी भेटायला येत होती. येणारा प्रत्येक जण अव्वाच्या पाया पडून म्हणायचा, “काय होत नाही, खडखडीत बरी होऊन येशील.” आणि बाहेर चप्पल घालताना माझ्या कानात म्हणायचा, “कमीजास्त झालं तर कळवा बरं का.” मी प्रत्येकाला म्हणायची, “हो, चिक्की घेतलीय.” कुणाला काही कळायचं नाही. मला मात्र थोडं बरं वाटायचं.

निघायच्या दिवशी सकाळी पायलचा शेवटचा फोन होता. लॅपटॉप टेबलावर, समोर अत्तींची खुर्ची. त्यांनी इरकल नेसली होती, विभूती लावली होती, गळ्यात इष्टलिंगाची डबी, म्हणजे करडी, आणि तिच्याशेजारी ते अॅलर्जीचं कार्ड. एका गळ्यात दोन आधार. मागं मी, शिवबाई आणि यजमान उभे होते, लग्नाच्या फोटोत असतात तसे.

पायलनं सगळं परत एकदा विचारलं. गोळ्या हातातल्या पिशवीत? हो. निर्णय कोण घेणार? बेटा. मशीन? शिवबाईनं मशीन उचलून दाखवलं. “परफेक्ट,” पायल म्हणाली. “आंटीजी, आपको कुछ पूछना है?”

अत्ती पुढं झुकल्या. एवढ्या दिवसांत त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं, आणि विचारलं ते दिल्लीच्या मुलीनं.

“बाई,” त्या सावकाश, शब्द जुळवत म्हणाल्या, “आते वखत मेरेको बैठाके लायेंगे ना?”

“बैठाके? अरे आंटीजी, लेटाके!” पायल खळखळून हसली. “पूरी फ्लैट सीट है आपकी. आप तो महारानी की तरह सोते हुए आएँगी.”

“सोते नक्को.”

“आपको पता भी नहीं चलेगा, कब घर आ गया.”

शिवबाईनं माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगडी वाढली. खरोखर वाढली, तुकडे खाली पडले. त्या आवाजानंही अत्तींनी मागं वळून बघितलं नाही. त्या पडद्याकडंच बघत होत्या. हात जोडल्यासारखे झाले होते त्यांचे. “वैसा नक्को बाई. पता चलना चाहिये. बैठाके लाव मेरेको. कितना बी पैसा लगा तो—”

पायलचं हसू जरा अडखळलं. “आंटीजी, शुगर चेक किया आज?”

तेव्हा यजमान पुढं झाले. मला वाटलं, मशीन लावणार आता बोटाला. त्यांनी हात लांब करून लॅपटॉप मिटला. पायल ‘हॅलो’ म्हणत होती, ती मिटली. मग ते आईच्या खुर्चीसमोर खाली फरशीवर बसले. कडक इस्त्रीची पँट, एवढं पोट, तरी मांडी घालून बसले. चेहरा हसरा करायचा प्रयत्न त्यांनी एकदा केला, तो जमला नाही.

“अव्वा.”

“काय?”

“बसवून नाही आणत.”

शिवबाई म्हणाली, “आण्णा, गप. सकाळच्या पारी काय—”

“तू गप.” ते आईकडंच बघत होते. “मी विचारलंय. ह्या पोरीला नाही, तिच्या वरच्या माणसाला. विमान कंपनीला पण विचारलं. कारखान्यातून फोन केला होता, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. पहिल्या दिवशीच केला होता.”

 अत्तींनी हात पुढं करून लेकाच्या डोक्यावर ठेवला. तो पन्नाशीचा माणूस, डोक्यावर टक्कल, त्यावर त्यांचा तो हाडांचा हात.

यजमान थांबले नाहीत. “तू तिथं मेलीस, अव्वा, तर पेटीत आडवं घालून आणतात. अंगात औषध भरतात, टिकावं म्हणून. मग माणूस लाकडासारखं होतं. गुडघे वाकत नाहीत. अप्पांच्या शेजारी तुला बसवता येणार नाही. आता सांग. जायचं का?”